लिहून घ्या, नांदेड चार गुणांनी!

प्रत्येक ऑफिसात असा एक जण असतोच. शुक्रवारी संध्याकाळी बॅग आवरता आवरता तो ठामपणे सांगतो, 'उद्या मुंबई हरणार, लिहून घे!' कोणी विचारलेलं नसतं. तरी तो सांगतो, वर कारणंही देतो. आणि सोमवारी निकाल काहीही लागो, त्याचंही कारण त्याच्याकडे तयार असतं.

आमच्या ग्रुपमध्ये ती 'एक जण' मी आहे. फक्त माझे अंदाज आयपीएलचे नसतात. माझा विषय इंटरकॉलेज कबड्डी. तीही मुलींची, आणि तीही नांदेड-लातूरकडची! हे ऐकून पुण्यातल्या मित्रमैत्रिणींचे चेहरे जसे होतात, ते मी आता मस्त एन्जॉय करते. 2014 मध्ये प्रो कबड्डी टीव्हीवर आली, तेव्हा या मंडळींना बोनस लाइन काय असते ते कळलं. आमच्याकडे ते शाळेच्या मैदानावर फक्की टाकतानाच कळतं.

आधी थोडी बॅकग्राउंड. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 ला, म्हणजे मुक्तिसंग्राम दिनी स्थापन झालं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या अंगणात. कॉलेजचे संघ आधी आपापल्या झोनमध्ये खेळतात, तिथून वर आलेले एकमेकांशी भिडतात आणि त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो जातो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला. तिथे पहिल्या चारात आलं की ऑल इंडिया. म्हणजे येत्या शनिवार-रविवारच्या मॅचेस या शिडीची मधली पायरी आहेत. इथे पाय घसरला की वर्ष गेलं.

आणि नांदेड विरुद्ध लातूर म्हणजे काय, हे तुमच्या टीममधल्या एखाद्या लातूरकराला विचारा. अंतर जेमतेम 140 किलोमीटर. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी आरामात पोहोचते. पण चुरस बघा! शंकरराव आणि अशोक चव्हाण हे दोन मुख्यमंत्री नांदेडचे, तर निलंगेकर आणि विलासराव हे दोन लातूरचे. स्कोअर बरोबरीत. महसूल आयुक्तालय कुणाकडे, यावरून 2009 मध्ये केवढं रण माजलं होतं! कबड्डीत निदान अर्ध्या-पाऊण तासात निकाल तरी लागतो.

अंदाज बांधायचे माझे नियम तीनच. पहिला, दुसरी रेडर बघा. स्टार रेडर सगळ्यांनाच दिसते. पण ती बाद होऊन बाहेर बसली की तिला परत कोण आणणार? समोरची एक गडी टिपली तरच आपली एक आत येते. दुसरी रेडर कच्ची असेल, तर स्टार बाकावर बसून नखं खात राहते.

दुसरा नियम, कोपरे बघा. घोट्याला हात घालून रेडरला खाली आणणारी पोरगी कोपऱ्यातच उभी असते. मुलींचं मैदान 12 बाय 8 मीटरचं, मुलांच्या 13 बाय 10 पेक्षा लहान. मध्यरेषेपासून निदान रेषा फक्त 3 मीटरवर. इथे पळायला जागा कमी, त्यामुळे चांगला कोपरा म्हणजे अर्धी मॅच.

तिसरा नियम माझा स्वतःचा आणि सगळ्यात खात्रीचा. मागच्या वर्षीचा टीम-फोटो काढा आणि यंदाच्या संघाशी ताडून बघा. किती चेहरे तेच आहेत? मुलांच्या संघात हा हिशोब फार करावा लागत नाही, तिथे पोरं परत येतातच. मुलींचं तसं नाही. एकीचं लग्न ठरतं, एकीला बी.एड.ला दुसरीकडे ॲडमिशन मिळते, एकीच्या घरी 'आता बास झालं' होतं. कोणी कोचला सांगूनही जात नाही, जुलैमध्ये प्रॅक्टिसला नुसती येत नाही! त्यामुळे जिच्या सातातल्या पाच जणी परत आल्यात, ती टीम माझ्या वहीत फायनलला. फॉर्म, फिटनेस, डावपेच सगळं नंतर.

नावं बघून अंदाज बांधणाऱ्यांसाठी एक आठवण. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला संघाचं सोनं सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. 2010 आणि 2014 ला आपणच जिंकलो होतो ना! फायनलमध्ये इराणनं आपल्याला 27-24 नं हरवलं. आणि इराणची कोच कोण? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! समोरच्या डगआउटमध्ये कोण बसलंय ते ज्यांनी बघितलं, त्यांना धक्का जरा कमी बसला असेल.

आता मुद्द्यावर येते. कॉलेजांची नावं देत नाही, गावांचीच देते. मैदानावरही कोणी कॉलेजचं लांबलचक नाव घेत नाही, 'ए उदगीर, आवरा की!' असाच पुकारा होतो.

शनिवार, पहिली सेमीफायनल: उदगीर विरुद्ध गंगाखेड. गंगाखेडकडे सॉलिड रेडर आहे. उंच, आणि बोनस घ्यायचा तिचा पाय इतका लांब जातो की रेफ्रीला वाकून बघावं लागतं. पण बोनस मिळतो समोर सहा किंवा सात जणी असतील तेव्हाच. उदगीर सुरुवातीला तिला दोन-चार बोनस खुशाल देईल आणि मग कोपऱ्यात गाठेल. ती बाहेर गेली की बाकी टीम नवी. उदगीरच्या मात्र जुन्या फोटोतल्या पाच जणी यंदाही आहेत. माझा अंदाज: उदगीर 34, गंगाखेड 25.

शनिवार, दुसरी सेमीफायनल: नांदेड विरुद्ध लातूर. लातूरची पोरं बारावीला ज्या पद्धतीनं अभ्यास करतात, त्याच पद्धतीनं लातूरच्या पोरी पकडीची प्रॅक्टिस करतात. तीच परीक्षा पुन्हा पुन्हा, चूक निघेपर्यंत. बचाव एकदम टॉप. गोची आहे चढाईत, तिथे एकच पक्की रेडर. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण आणावाच लागतो, नाहीतर रेडर बाद. नांदेडला हे पक्कं ठाऊक आहे. ते दोन चढाया नुसते मागे सरकतील आणि तिसरीला झडप घालतील. शिवाय नांदेडकडे दोन रेडर आहेत. माझा अंदाज: नांदेड 29, लातूर 25.

रविवार, फायनल: नांदेड विरुद्ध उदगीर. शनिवारी नांदेडचा दम जास्त निघणार. रविवारी दुपारी गुडघ्याला पट्ट्या बांधून खेळताना जुन्या सोबतीणी कामाला येतात. न बोलता साखळी होते, हात आपोआप हातात जातो. माझं कॉलेज नांदेडचं असूनही सांगते: उदगीर 30, नांदेड 28.

आता चौथा अंदाज. तो स्कोअरबोर्डवर दिसणार नाही.

लातूरच्या संघात डाव्या कोपऱ्यात खेळते ती माझी मामेबहीण. वय 24. आंतरविद्यापीठ स्पर्धेला 25 वर्षांची अट आहे आणि ती 1 जुलैला मोजतात. म्हणजे पुढच्या सीझनला ती बसत नाही. तिच्या टीम-फोटोंमधला हा शेवटचा. मामानं दिवाळीतच सांगून टाकलंय, विद्यापीठाच्या टीममध्ये आली तर पुढचं वर्ष तिचं, पोलीस भरतीची तयारी करू दे. नाही आली तर मार्चपासून स्थळं बघायची. मामी बायोडाटा टाइप करून आणलाय. तो सध्या टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आहे.

मामा वाईट माणूस नाही हो. झोनच्या मॅचला तो स्वतः मोटरसायकलवर तिला सोडायला गेला होता. त्याला फक्त कुठेतरी लिहिलेलं हवंय, की ही पोरगी खरंच चांगली खेळते. आणि नुसत्या विद्यापीठाच्या टी-शर्टवर नोकरी मिळत नाही, हेही त्याला माहीत आहे. 5 टक्के खेळाडू आरक्षणासाठी पुढे पदक लागतं, मग प्रमाणपत्राची पडताळणी. नाहीतर सगळ्यांसारखं 800 मीटर, 100 मीटर, गोळाफेक आणि लेखी.

तर तिच्या घरी माझ्या अंदाजाला सध्या भलतीच किंमत आलीय. मामी रोज फोन करून विचारते, 'लातूर जिंकंल का गं?' मी सांगते, नाही जिंकणार. मामीचा आवाज लगेच पडतो. मग मी तिला गणित समजावते. निवड समिती कॉलेज निवडत नाही, पोरी निवडते. लातूर हरताना त्यांच्या जणी एकेक करून बाहेर जाणार, मैदानावर तीन उरणार. आणि तिघीच उरल्या असताना पकड केली तर एक गुण जास्तीचा, सुपर टॅकल! अशा वेळी घोटा धरायचं काम कोपऱ्याचंच. नांदेडच्या दोन्ही रेडर दमानं आत घुसतात आणि वळायला उशीर करतात. माझ्या हिशोबानं बहिणीला तीन सुपर टॅकल मिळतील. लातूर चार गुणांनी हरेल, आणि बाराच्या यादीत डाव्या कोपऱ्याला तिचं नाव येईल. लिहून घ्या.

हे सगळं मी तिला फोनवर वाचून दाखवलं. ती मिनिटभर काही बोललीच नाही. मग म्हणाली, 'अक्का, तीनच व्हय? पाच लिही. आन् आम्हाला हरवायलीस ते खोड आधी.'

पाच लिहायला माझी हरकत नाही. पण स्कोअर तोच राहील!