एका पुस्तकाला दोन क्रमांक

टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्ड मालिकेत 41 कादंबऱ्या आहेत. त्या छापल्या त्याच क्रमाने वाचायची सक्ती नाही. कुणी शहराच्या पहारेकऱ्यांच्या मागे जातं, कुणी चेटकिणींच्या, कुणी चक्क मृत्यूच्या. माझा भाचा पहारेकऱ्यांच्या नादी लागला आणि दर पुस्तकानंतर विचारू लागला, ‘मावशी, आता पुढचं कुठलं?’

‘गार्ड्स! गार्ड्स!’ (1989) हे डिस्कवर्ल्डचं आठवं, पण पहारेकऱ्यांचं पहिलं. त्यांचं दुसरं, ‘मेन ॲट आर्म्स’, थेट पंधराव्या जागी. माझी ई-पुस्तकं कॅलिबर या ई-पुस्तकं सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असतात आणि तिथे सिरीजचा रकाना एकच. त्यात 8 लिहावं तर पहारेकरी पांगतात, 1 लिहावं तर डिस्कवर्ल्डची रांग मोडते. टॅगने पुस्तकं एकत्र येतात खरी, पण टॅगला क्रमांक नसतो आणि भाच्याला तर तोच हवा होता.

कॅलिबरच्या प्रेफरन्सेसमध्ये स्वतःचा रकाना जोडता येतो. त्याच्या प्रकारांत सिरीजसारखाच, नावासोबत क्रमांक सांभाळणाराही एक आहे. तो निवडून मी ‘उपमालिका’ असं नाव दिलं. मूळ रकान्यात ‘डिस्कवर्ल्ड 8’, नव्यात ‘पहारेकरी 1’. डावीकडच्या यादीत उपमालिका वेगळी दिसू लागली.

ई-रीडरला मात्र या रकान्याचा पत्ताच नसतो. त्यासाठी कॅलिबरमध्ये प्लगबोर्ड नावाची सोय आहे. पुस्तक यंत्रावर पाठवताना ती शीर्षकाआधी ‘पहारेकरी 01’ जोडते आणि संगणकावरचं मूळ शीर्षक तसंच राहतं. तो शून्य हवाच, नाहीतर दहावं पुस्तक दुसऱ्याच्या आधी येऊन बसतं.

खरी डोकेदुखी टिफनी एकिंगची. डिस्कवर्ल्डमध्ये तिची पाच पुस्तकं, ‘द वी फ्री मेन’पासून (2003) शेवटच्या ‘द शेफर्ड्स क्राउन’पर्यंत (2015). ती चेटकीण आहे, चेटकिणींच्या पुस्तकांतली ग्रॅनी वेदरवॅक्सही तिच्या कथांत येते; मग तिला चेटकिणींच्या रांगेत बसवायचं की स्वतंत्र? तिसरा रकाना काढता आला असता, पण असे रकाने वाढवायला लागलं की वाचन राहतं बाजूला. मी तिला स्वतंत्र ठेवलं आणि ‘चेटकिणी’ हा नुसता टॅग लावला. भाच्याला हे पटलेलं नाही. त्याच्या मते तिचं पहिलं पुस्तक चेटकिणींचंच सातवं.