खुडूक

कोंबडी खुडूक झाली म्हणजे तिचा सारा स्वभावच पालटतो. एरवी माणसाच्या चाहुलीने कुंपणापलीकडे उडणारे ते भित्रे पाखरू अंग फुलवून ठाण मांडते आणि हात जवळ नेला तर चोच उगारते. अशा वेळी आमची आजी पडवीच्या कोपऱ्यात टोपलीत पेंढा पसरून जमवलेली अंडी तिच्याखाली सरकवी, आणि त्या कोपऱ्यात २१ दिवस कुणी गलका करावयाचा नाही, असा हुकूम घरभर सुटे.

निरनिराळ्या दिवशी घातलेल्या अंड्यांतून पिले मात्र एकाच सुमारास कशी निघतात, या कोड्याचा उलगडा मला पुढे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकताना झाला. बलकावरच्या पांढुरक्या ठिपक्यात जीवाचा आरंभ कोंबडीच्या उदरातच झालेला असतो. परंतु अंडे बाहेर येऊन निवाले की ती वाढ थांबते, आणि पहिल्या दिवसाचे अंडे असो की आठव्या, त्यातील जीव कोंबडी पिसे पसरून बसेपर्यंत तसाच वाट पाहत राहतो. बहात्तर तासांच्या गर्भाची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना, ज्यात हृदय आकारास आले होते तो एवढासा जीव पाहून, मला त्या टोपलीतल्या तपश्चर्येचे मोल प्रथमच कळले.

नोकरीत असताना तालुक्याच्या कचेरीमार्फत एका उबवणी केंद्राची पाहणी माझ्याकडे आली. ३७.५ अंशांच्या आसपास स्थिर राखलेली ऊब, हवेतील ओलावा, अंडी ठरावीक वेळाने कलती करण्याचा बंदोबस्त, सारे चोख होते. आणि हे सारे ती अशिक्षित माउली पोटाची पिसे झडवून उघड्या पडलेल्या कातडीने, चोचीने अंडी उलटीत, कडेची मध्ये घेत, दाण्यापाण्यापुरती क्षणभर उठून करीत असते, हे आठवून माझा तिच्याविषयीचा आदर दुणावला.

विसाव्या दिवसाच्या सुमारास पिलू आतील हवेच्या पोकळीत चोच खुपसून पहिला श्वास घेते आणि कवचाआडून चिवचिवते. आई हलक्या आवाजात ओ देते. मग चोचीवरच्या इवल्या टोकाने कवचाला गोल चीर पाडण्यास कधी कधी जवळजवळ एक दिवस लागतो. आम्ही मुले कवच सोलावयास धावत असू, तर आजी हात धरी. तिचा निषेध किती सार्थ होता! पापुद्र्यातील शिरांतले रक्त आटण्यापूर्वी कवच ओढले तर पिलू रक्तस्रावाने दगावते. उरलेला बलक ते बाहेर येण्यापूर्वीच पोटात ओढून घेते, म्हणून पहिले दोन दिवस त्याला दाणा लागत नाही, आणि मागे राहिलेल्या अंड्यांसाठी आईला आणखी काही काळ बसून राहता येते.