वारा पडल्यावर

वादळात नावाड्याची परीक्षा होते, असे म्हणतात. माझे आजोबा म्हणत, खरी परीक्षा वारा पडल्यावर. शीड जरा सैल सोडावे, सुकाणू हलक्या हाताने धरावे. जोराने वळवले की होडीची उरलीसुरली गतीही जाते.

2009-10 मध्ये दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. मुंबईहून ऑस्ट्रेलियाला जाताना विषुववृत्त ओलांडावे लागते, आणि तिथला वारा बेभरवशाचा. अशा वेळी मंद वारा थेट मागून न घेता किंचित बाजूने घेतला, तर नौका सरकते. तिच्या सरकण्यानेच शिडाला आणखी वारा मिळतो.

आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. अडले तर विचारायला घरी कोणी नाही. पण रोज चार पाने वाचली, की पाचवे पान आपोआप ओढून नेते.