भोपळ्यातले पाणी

भोपळ्याच्या पायची सारी अडचण पाण्याची आहे. पाय म्हणजे मैद्याच्या खुसखुशीत पारीत सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ. भोपळ्याच्या पायमध्ये हे सारण शिजवलेला गर, अंडी, दूध, साखर आणि सुंठ, दालचिनी, जायफळ, लवंग अशा मसाल्यांचे असते, आणि भाजता भाजता त्याचे कस्टर्ड होते, म्हणजे अंड्याच्या बळावर दूध थिजून सुरीने कापता येईल इतके घट्ट होते. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी आणि कॅनडात ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे सुगीनंतरच्या कृतज्ञतेच्या सणाच्या, जेवणात हा पदार्थ असावाच लागतो, आणि पाकपुस्तके त्याची गणना सोप्या पदार्थांत करतात. कृती वाचली तर ती सोपीच आहे. परंतु भोपळ्याच्या ताज्या गरात वजनाच्या ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते, आणि ते धरून ठेवण्याची जबाबदारी दोन-तीन अंड्यांवर येऊन पडते. भाजण्यापूर्वी हे पाणी बाहेर काढावे लागते आणि भाजताना उरलेले पाणी आत राखावे लागते. ही दोन कामे एकमेकांच्या उलट असल्यामुळे पहिल्यात तरबेज झालेला हात दुसऱ्यात अडखळतो, असे पुष्कळदा दिसते.

पहिला प्रश्न कोणता भोपळा घ्यावा हा आहे. भोपळ्याचे कूळ मूळचे अमेरिका खंडातले असून मेक्सिकोतील वाहाका प्रांताच्या गिला नाकित्स या गुहेत मिळालेल्या त्याच्या बिया सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. हॅलोविनला कोरून आत दिवा ठेवण्यासाठी विकला जाणारा मोठा, गोल, नारिंगी भोपळा कुकुर्बिटा पेपो या जातीचा. तो दिसायला देखणा असला तरी त्याचा गर धागेदार, फिका आणि पाणचट असतो. याउलट अमेरिकेतील डबाबंद गर ज्या डिकिन्सन नावाच्या वाणापासून काढला जातो, तो लांबट आणि फिकट मातकट सालीचा भोपळा कुकुर्बिटा मोस्चाटा या जातीचा असतो, आणि महाराष्ट्रात लाल भोपळा किंवा डांगर म्हणून फोडी करून विकले जाणारे फळही बहुतांशी याच जातीचे आहे. त्यामुळे न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात थँक्सगिव्हिंगच्या सुटीत डबा फोडून त्यातल्या गराचे घारगे केले जातात, तेव्हा त्या गराला परका म्हणण्याचे कारण उरत नाही.

पाणी काढण्याच्या रीती मोजक्याच आहेत आणि प्रत्येकीची बाजू घेणारे लोक आहेत. पहिली रीत, भाजलेल्या भोपळ्याचा गर चाळणीवर किंवा चक्क्याप्रमाणे फडक्यात बांधून टांगून ठेवण्याची. ती कष्टाची नाही, पण निथळणाऱ्या पाण्याबरोबर फळातली साखर आणि वासही निघून जातो आणि मागे उरलेला गर दाट असूनही मिळमिळीत लागतो. दुसरी रीत, सारणात कॉर्नफ्लोअर घालून पाणी बांधून टाकण्याची. तिने काप स्वच्छ निघतो, मात्र जिभेवर पिठाचा लेप बसतो आणि कस्टर्डची जी तुळतुळीत, जवळजवळ लोण्यासारखी वितळणारी जात आहे ती हरवते. तिसरी रीत, गर पसरट कढईत घालून मध्यम आचेवर आटवण्याची. प्रस्तुत लेखिकेचा आग्रह याच रीतीचा आहे आणि तो काहीसा हट्टाचा आहे, हे मान्य करावयास हवे, कारण आटवताना गर रटरटतो, मनगटावर चटके देणारे शिंतोडे उडवतो आणि उलथने क्षणभर थांबले तरी तळाला लागतो. तरीही या रीतीत पाण्याची केवळ वाफ होते आणि साखर कढईतच राहून तळाशी किंचित करपल्यासारखी तांबूस होते, कच्च्या भाजीचा जो एक हिरवट वास शिजवलेल्या भोपळ्यालाही चिकटून असतो तो उडून जातो, आणि रंग नारिंगीवरून विटकरीकडे झुकतो. आटणे पुरेसे झाले हे घड्याळावरून ठरवता येत नाही. उलथन्याने कढईच्या तळावर रेघ ओढली असता ती लगेच बुजली तर पाणी शिल्लक आहे. रेघेच्या दोन्ही कडा उभ्या राहून कढईचा तळ दिसत राहिला, आणि रटरटण्याचा ओला आवाज जाऊन चुरचुरण्याचा कोरडा आवाज येऊ लागला, म्हणजे गर तयार आहे असे समजावे. डबाबंद गरालाही हीच शिस्त लागू आहे, कारण कारखान्यातून तो दाट होऊन आलेला असला तरी डबा उघडल्यावर त्याच्या कडेने पाण्याची पातळ रेष दिसतेच.

डब्याविषयी तुच्छतेने बोलण्याची एक रूढी शेतकरी-बाजारात ताजी फळे निवडून घेणाऱ्या मंडळींत आहे, आणि ती न्याय्य नाही. इलिनॉय राज्यातील मॉर्टन या गावच्या कारखान्यातून अमेरिकेतल्या डबाबंद भोपळ्याचा फार मोठा भाग येतो, आणि त्या डब्यातला गर एकाच वाणाचा, एकाच परिसरात पिकलेला असल्यामुळे दर वर्षी साधारण सारखा निघतो. बाजारातून आणलेल्या दोन ताज्या भोपळ्यांविषयी असे म्हणता येत नाही. २००९ साली सुगीच्या वेळी पावसाने तिथली शेते चिखलमय झाली, यंत्रे शेतात उतरेनात, आणि त्या हंगामात देशभर डब्यांचा तुटवडा पडला, तेव्हा या पदार्थाचा सोपेपणा कोणाच्या खांद्यावर उभा आहे हे अनेक स्वयंपाकघरांना कळले. पाणी काढण्याचे निम्मे काम त्या कारखान्याने आधीच केलेले असते. डब्याच्या वेष्टनावर छापलेली पायची कृती सोपी वाटते त्याचे हेच कारण आहे.

याच ठिकाणी घारग्यांचा विचार करणे उपयोगी ठरते. घारग्यांसाठी किसलेला भोपळा गुळाबरोबर शिजवतात, आणि त्यात मावेल तेवढीच कणीक घालून, पाण्याचा थेंब न घालता, पीठ मळतात; म्हणजे तिथे फळातले पाणीच पिठाचे प्रमाण ठरवते आणि करणाऱ्याला ते पाणी काढण्याची गरज पडत नाही. पायमध्ये मैदा बाहेरच्या पारीत असतो आणि पाणी आतल्या सारणात, त्यामुळे त्या दोघांची गाठ पडू नये हेच करणाऱ्याचे काम होऊन बसते. अलीकडे घरगुती मेळाव्यांतून लोकप्रिय झालेला डंप केक, म्हणजे सारण थेट तसराळ्यात ओतून त्यावर केकचे कोरडे तयार पीठ भुरभुरायचे, वरून वितळलेले लोणी सोडायचे आणि भाजायचे असा आळसाने जन्मलेला म्हणून हिणवला जाणारा पदार्थ, पाण्याच्या दृष्टीने पाहिला तर घारग्यांच्या बाजूचा आहे: सुटणारे पाणी वरचे पीठ पिऊन घेते आणि त्यातच त्याचे कवच घडते. ज्यांनी आयुष्यभर पारी लाटली त्यांना हा पदार्थ खपत नाही. प्रस्तुत लेखिकेलाही तो खपत नव्हता, आणि त्या नापसंतीत चवीचा भाग थोडा व लाटण्यावरच्या अभिमानाचा भाग मोठा होता. वीस माणसांच्या मेळाव्यासाठी, हाताशी वेळ नसताना आणि पारी भिजण्याची धास्ती नको असताना, तो प्रामाणिकपणे सोपा आहे. तरीही त्याला पायच्या शेजारी मांडू नये, कारण पायच्या कापात कुरकुरीत आणि मऊ यांच्यामध्ये जी रेघ दिसते ती त्यात कधीच दिसत नाही.

ती रेघ जपण्यासाठी पारी सारणाशिवाय आधी भाजून घेतात; थाळीत बसवलेल्या पारीवर कागद अंथरून तांदळाचे किंवा डाळीचे वजन ठेवतात म्हणजे ती फुगत नाही. याचे तपशील या कामातल्या माणसाला सांगण्याची गरज नाही. सांगण्याजोगे एवढेच की, पारी ओव्हनमधून काढल्याबरोबर गरम असतानाच तिच्यात गरम सारण ओतले तर कडा आणि मध्य यांच्या तापमानातले अंतर कमी होते, सारण लवकर थिजू लागते आणि पारीला पाणी पिण्यास अवधी मिळत नाही. थंड सारण थंड पारीत ओतून दोघांना एकदमच भट्टीत ढकलणारी पाककृती घाईत लिहिलेली समजावी.

दुसरे काम, म्हणजे उरलेले पाणी आत राखणे, अंड्यांचे आहे. अंड्यातली प्रथिने तापली की उलगडतात, एकमेकांत गुंतून जाळे विणतात आणि त्या जाळ्यात दूध व भोपळ्याचे पाणी अडकून राहते. दूध आणि साखरेमुळे हे जाळे साध्या अंड्यापेक्षा अधिक उष्णतेवर, साधारण ८० ते ८५ अंश सेल्सियसच्या दरम्यान, विणले जाते. उष्णता त्यापुढे गेली की जाळे आवळते आणि धरलेले पाणी पिळून बाहेर टाकते. मग कापाच्या तळाशी ओघळ दिसतो, पारी गिळगिळीत होते, आणि निवताना कडा आकसून मध्याला ओढत असल्यामुळे पृष्ठभागावर भेग पडते. अमेरिकन लेखिकेने अमेरिकेत छापलेले पहिले पाकपुस्तक मानल्या जाणाऱ्या अमेलिया सिमन्स यांच्या १७९६ च्या पुस्तकात भोपळ्याच्या पुडिंगची, म्हणजे पारीत भाजलेल्या याच सारणाची, एक कृती शिजवून गाळलेल्या एक क्वार्ट गराला नऊ अंडी सांगते. गाळण्याची सूचना आणि अंड्यांची ही उधळण एकत्र वाचली तर त्या बाईला पाण्याचा त्रास चांगलाच ठाऊक होता असे मानण्यास जागा आहे.

पाय ओव्हनमधून केव्हा काढावा हा या कलेचा कठीण प्रश्न. तो मध्यापर्यंत थिजण्याची वाट पाहिली तर कडा केव्हाच आवळून गेलेल्या असतात. म्हणून मध्य अजून सैल असतानाच तो काढायचा आणि साठवलेल्या उष्णतेने त्याला बाहेर पूर्ण होऊ द्यायचे. सैल म्हणजे किती, हे थाळी हलकेच हलवून ठरवतात. कच्चे सारण हलवले असता त्यावर लाट उठते आणि कडेपर्यंत धावत जाते. तयार सारणाची कड स्थिर राहते आणि मधला तळहाताएवढा भाग लाट न उठता, सबंध एकाच तुकड्याने थरथरतो. लाट आणि थरथर यांतला हा भेद डोळ्यांपेक्षा मनगटाला आधी कळतो. थाळी धरलेल्या हाताला तिचे वजन एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकल्याचे जाणवले तर सारण कच्चे, वजन जागीच राहून केवळ शहारल्यासारखे जाणवले तर ते तयार.

ही खूण वयाबरोबर पुसट होते, याविषयी पुस्तकांत लिहिलेले आढळत नाही. हाताला कंप सुटू लागला की थाळी धरल्यावर हाताची थरथर आणि कस्टर्डची थरथर एकमेकांत मिसळतात आणि त्यांतली कोणती कोणाची हे सांगता येईनासे होते. प्रस्तुत लेखिकेच्या कामात बदल घडला तो इथे. चाकू मध्यभागी खुपसून तो स्वच्छ निघतो का हे पाहण्याची जुनी रीत आहे, पण चाकू स्वच्छ निघेपर्यंत कडा वाया गेलेल्या असतात, आणि चाकूची चीर निवताना भेगेला वाट करून देते. मनगटाच्या जागी डोळ्यांना कामाला लावणे हा एक तोडगा होता: ओव्हनचा दिवा लावून तिरप्या नजरेने पाहिले तर भाजलेल्या भागाचा पृष्ठभाग मंद, जवळजवळ कातड्यासारखा दिसतो आणि कच्च्या भागावर ओली चमक असते, व ही चमक कडेकडून आकसत मध्याकडे येते. ती तीन बोटे रुंदीची उरली की पाय काढावा. अंदाज बरा आहे. मनगटाइतका खात्रीचा नाही, कारण तपकिरी साखर अधिक असलेले सारण तयार होऊनही चमकत राहते.

मसाल्याविषयी दोन शब्द या विषयाला सोडून वाटतील, पण ते पाण्याशीच जोडलेले आहेत. अमेरिकेत शरद ऋतू लागताच कॉफीपासून मेणबत्तीपर्यंत सर्वत्र ज्या भोपळा-मसाल्याचा वास सुटतो त्यात भोपळा नसतो. स्टारबक्सने २००३ साली आणलेल्या ज्या पेयाने ही लाट उसळली त्यातही भोपळा पहिली बारा वर्षे घातला जात नव्हता. या वासाची सवय झालेले लोक पायमध्येही मसाला दुप्पट घालतात, आणि त्यामुळे न आटवलेल्या पाणचट गराची उणीव झाकली जाते. लवंगेचे प्रमाण वाढलेला पाय खाताना जीभ बधिर होते आणि खाणाऱ्याला भोपळा लागतच नाही. सुंठ पुढे, जायफळ तिच्या मागे, लवंग असून नसल्यासारखी, असे प्रमाण असावे, आणि नीट आटवलेल्या गराला तेवढे पुरते. वेलची घालण्याची मराठी घरांतली सवय गोड लागते, परंतु ती भोपळ्याला खिरीकडे ओढून नेते. अंडी न खाणाऱ्यांसाठी कंडेन्स्ड मिल्क आणि कॉर्नफ्लोअर घालून जे केले जाते ते चवीला उत्तम असू शकते, मात्र त्यात प्रथिनांचे जाळे नसल्यामुळे वर सांगितलेली थरथर तिथे शोधू नये. तो पदार्थ उकळून घट्ट होतो आणि निवल्यावर बसतो, त्याचे नियम वेगळे आहेत.

हाताखाली शिकणाऱ्या मुलीने या सर्व खटाटोपावर उपाय म्हणून सुईचा तापमापक आणला. कडेपासून आत, मध्याच्या जरा अलीकडे सुई तिरकी घालायची, आकडा ७९ किंवा ८० अंश दिसला की ओव्हन बंद करायचा, दार अर्धे उघडे ठेवायचे आणि पाय आतच निवू द्यायचा, अशी तिची पद्धत आहे, आणि तिचे पाय भेगाळत नाहीत. सुईचे भोक राहते, ते फेटलेल्या सायीच्या ठिपक्याखाली झाकले जाते. या पद्धतीत खोट काढता येत नाही. तिने मिळणारा काप मनगटाने ठरवलेल्या कापापेक्षा अधिक वेळा बरोबर येतो, हेही मान्य करावे लागते. म्हणून मेळाव्यासाठी जे अनेक पाय लागतात ते आता त्या सुईच्या भरवशावर भाजले जातात. पंगतीच्या मध्यभागी मांडायच्या पायला मात्र ती सुई लावू दिली जात नाही. तो वरून एकसंध, अखंड, सायीशिवाय मांडला जावा असा आग्रह असतो, थाळी ती मुलगी हलवते, काढायची वेळ प्रस्तुत लेखिका ठरवते, आणि या आग्रहामागे अभिमानाखेरीज दुसरे कोणतेही कारण दाखवता येत नाही.