रात्रीचा रकाना

वाचकहो, काश्मीरच्या सहलीची तयारी करताना आपल्यापैकी अनेकांनी मोबाइलवर तेथील तापमान पाहिले असेल. श्रीनगरचा आकडा वाचायचा, बॅगेत एक स्वेटर अधिक टाकायचा आणि निर्धास्त व्हायचे, हा आपला रिवाज. गेल्या मार्चमध्ये मीही तेच करणार होते. आमची नात गुलमर्गला दोन आठवड्यांच्या स्कीइंगच्या वर्गासाठी गेली होती आणि तिला बर्फावरून घसरताना प्रत्यक्ष पाहायचे, असा ह्यांनी ध्यास घेतला होता. ह्यांचे वय ७६. पाच वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, रक्तदाबाच्या गोळ्या नित्याच्या. आमच्या डॉक्टरांनी तपासण्या करून परवानगी दिली, पण अटी घातल्या : आधी श्रीनगरला दोन रात्री काढा, मगच वर जा; गोंडोलात बसायचे तर पहिल्याच टप्प्यावर थांबा; आणि थंडीइतकेच वाऱ्याकडेही लक्ष द्या.

हा वारा आधी कळावा कसा? नातीने फोनवर उत्तर दिले. स्कीइंग करणारी मंडळी शहराचा अंदाज पाहत नाहीत, डोंगराचा पाहतात. तिने एक तक्ता पाठवला. पहिल्या दृष्टीस तो रेल्वेच्या वेळापत्रकासारखा दिसला. मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. तरीही तो समजायला मला चार संध्याकाळी लागल्या. त्या संध्याकाळींचे सार आपल्यापुढे ठेवते.

अशा तक्त्यात एकाच ठिकाणाचा अंदाज तीन उंचींसाठी दिलेला असतो : पायथा, मध्य आणि माथा. गुलमर्ग सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगदूरीला, म्हणजे सुमारे ३१०० मीटरवर संपतो. दुसरा अफरवट पर्वतावर, ३९५० मीटरच्या आसपास. आठवीच्या मुलांकडून मी घोकून घेत असे, की दर १६५ मीटर उंचीला तापमान साधारण १ अंशाने उतरते. म्हणजे गुलमर्गला उणे २ असेल, तर अफरवटला उणे १० च्या घरात. आपण पायथ्याशी उभे राहून ज्या थंडीचा अंदाज बांधतो, ती माथ्यावरची थंडी नव्हेच. शिवाय तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्क्यांवर येतो आणि प्रत्येक श्वासागणिक प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी मिळतो.

तापमानाच्या खाली वाऱ्याची ओळ असते आणि तिच्याखाली ‘जाणवणारे तापमान’. आपल्या वयाच्या माणसाने आधी ही ओळ वाचावी. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटर वारा असेल, तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखे जाणवते. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावरचा भार वाढतो. तरुण स्कीपटूला हीच ओळ हातमोजे कोणते घालावेत ते सांगते. आपल्याला ती बाहेर पडावे की नाही, हे सांगते.

तिसरी ओळ गोठणपातळीची. ज्या उंचीवर हवेचे तापमान शून्य अंश असते, ती ही पातळी. ती गुलमर्गच्या बरीच खाली असेल तर गावात हिम पडेल, बरीच वर असेल तर पाऊस. दोहोंत थोडेच अंतर असेल तर चिखल-बर्फाची गिचमीड, कारण हिमकण वितळण्यापूर्वी गोठणपातळीच्या खाली दोन-तीनशे मीटर येऊ शकतात. कोरडे हिम अंगावरून झटकता येते. पावसाने भिजलेला कोट मात्र ऊब धरत नाही.

एवढे समजल्यावर मला थोडा अहंकार झाला, हे कबूल करते. गुलमर्गला पोहोचलो त्या दिवशी तक्त्यात दुपारी गोठणपातळी २९०० मीटर आणि पर्जन्य दाखवले होते. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावाताचा तो प्रताप. मी जाहीर केले, “आज हिम नाही, पाऊसच पडणार.” तसेच झाले. टंगमर्गला भाड्याने घेतलेले गमबूट दाराशी ठेवून आम्ही खिडकीतून पाऊस पाहिला आणि मी स्वतःवर फार खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आकाश निरभ्र होते. मी स्नानगृहात असताना हे एकटेच बाहेर पडले. हॉटेलच्या तिसऱ्या पायरीवर त्यांचा पाय सटकला. तेथे झाडलोट करणाऱ्या मुलाने चपळाईने त्यांचा दंड धरला, म्हणून कोपर खरचटण्यावर भागले. त्या पायऱ्यांवर काचेसारखा पारदर्शक बर्फाचा थर होता. नजरेला ती केवळ ओली फरशी दिसत होती.

ह्यांना गरम चहा देऊन बसवल्यावर मी तक्ता पुन्हा उघडला. सर्व काही तेथे लिहिलेले होते. प्रत्येक दिवसाचे तीन रकाने असतात : सकाळ, दुपार आणि रात्र. दुपारच्या रकान्यात गोठणपातळी २९००. शेजारच्या रात्रीच्या रकान्यात १९००. दुपारी पडलेले पावसाचे पाणी रात्री जागच्या जागी गोठणार, हे त्या दोन आकड्यांत स्पष्ट होते. मी दुपार वाचली आणि रात्र वाचलीच नाही, कारण रात्री आम्ही पांघरुणात असणार होतो. त्यातच आकाश रात्री मोकळे झाले. अशा रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि सखल जागी गार हवा साचून तक्त्यातील आकड्यापेक्षाही अधिक गारठा पडू शकतो. वाचकहो, पर्वतातील थंडीचे भय आपल्या मनात असते; पण आपल्या वयात खुब्याचे हाड मोडणे हे त्याहून जवळचे संकट आहे.

त्या सकाळी मी बरेच बोलले. एकटे का गेलात, विचारले का नाही, वगैरे. ह्यांनी ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, “अगं, तू तो कागद वाचतेस आणि मला फक्त निकाल सांगतेस. मला कारण कधी सांगितलेस?”

ते बोलणे मला लागले. अँजिओप्लास्टीनंतरची पाच वर्षे मी ह्यांना निकालच सांगत आले होते. हे खाऊ नका, तेथे जाऊ नका. काळजी खरी होती, पण तिच्यात त्यांना वाटा नव्हता. त्या संध्याकाळी मी त्यांना शेजारी बसवून तिन्ही ओळी आणि तिन्ही रकाने समजावून दिले. हे सेवानिवृत्त हिशेबनीस. त्यांना मी चार संध्याकाळींत शिकलेले अर्ध्या तासात आले. एक गोष्ट तर त्यांनीच मला दाखवली : सकाळी पाहिलेला अंदाज संध्याकाळी पुन्हा पाहावा. दोन्ही जुळले तर विश्वास वाढतो, बदलत राहिले तर कार्यक्रम सैल ठेवावा. आणि चार-पाच दिवसांपलीकडचे आकडे केवळ कल अजमावण्यापुरते घ्यावेत.

पुढचा दिवस ह्यांनी निवडला. मध्याच्या ओळीत वारा ताशी ५ किलोमीटर, ऊन. निघायचे अकरानंतर, पायऱ्यांवरचा बर्फ सुटल्यावर. कोंगदूरीला आम्ही वीस मिनिटे होतो. समोर अफरवट इतका स्वच्छ दिसत होता, की दुसऱ्या टप्प्याच्या रांगेकडे ह्यांची नजर वळली. मी काही बोलले नाही. त्यांनी खिशातला कागद काढून माथ्याची ओळ पाहिली. वारा ३५. “चला, पोरगी खाली वाट पाहत असेल,” म्हणाले. दुपारी गावातल्या सौम्य उतारावर नात तीनदा पडली, चौथ्यांदा थेट आमच्यासमोर येऊन थांबली.

आपल्या घरातील ज्येष्ठांना आपण डोंगराळ प्रदेशात नेणार असाल, तर डॉक्टरांचा सल्ला आधी घ्या आणि त्यानंतर हा तक्ता जरूर वाचा. पण त्यांच्यासोबत वाचा. अंदाज कितीही चांगला असला, तरी छातीत दुखणे, धाप लागणे, डोकेदुखी किंवा मळमळ सुरू झाली तर तक्ता मिटून ताबडतोब खाली उतरावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

पुण्यात परतून आता बरेच महिने झाले. कोपराची खूणही गेली. परवा मी पहाटे देवळात जायला निघाले, तर हे पेपरमधून डोके वर न काढता म्हणाले, “काल रात्री पाऊस होता. रात्रीचा रकाना वाचलास ना?”

मी चप्पल बदलली.