दिवाडीचा काठ आणि मासा उचलायची जाळी

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत चढले की मांडवी ओलांडून काही मिनिटांत दिवाडी बेट येते. बेटावरून पुढची फेरीबोट नार्व्याला जाते. तिथल्या सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला. देवदर्शनाला इकडे आलात, तर परतताना थोडा वेळ दिवाडीच्या बांधांवर जरूर काढा.

बांधाच्या एका बाजूला खारे पाणी, दुसऱ्या बाजूला खाजन शेती. मध्ये मानशीची लाकडी दारे: भरतीच्या रेट्याने मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी. मानशीवरच्या मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जातो, म्हणून तिथे गळ टाकू नये. नदीच्या मोकळ्या काठावर मात्र शेवटा, तांबोशी आणि नशीब असेल तर चोणक गरीला लागते.

मासा लागला म्हणजे हाती आला असे नाही. पाण्यात असेपर्यंत त्याचा भार पाणी पेलते. वर ओढला की सगळे वजन दोऱ्यावर येते आणि दोरा तुटतो. यासाठीच दांड्याची जाळी, म्हणजे लँडिंग नेट. दुकानातली सर्वांत देखणी जाळी घेण्याआधी आपला काठ आठवावा.

पहिला प्रश्न दांड्याचा. उधाणाच्या दिवसांत इथले पाणी दोन मीटरच्या आसपास खालीवर होते. भरतीला हाताशी असलेले पाणी ओहोटीला पार खाली जाते. होडीतून मासे धरणाऱ्याला हातभर दांडा पुरतो. धक्क्यावरून किंवा उंच बांधावरून तीन मीटरपर्यंत लांब होणारा, सरकता दांडा हवा. खारे पाणी लोखंडाला खाते, म्हणून ॲल्युमिनियमचा बरा. घरी आल्यावर तोही गोड्या पाण्याने धुवावा.

दुसरा प्रश्न तोंडाचा. कडे दोन फुटांच्या आसपास रुंद असावे आणि पिशवी इतकी खोल, की मासा आत वळला तरी उसळून बाहेर पडू नये.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. गाठींच्या नायलॉन जाळीने माशाचे पर फाटतात, अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो आणि गरीही तिच्यात अडकते. रबराची किंवा रबर चढवलेली, बिनगाठीची जाळी थोडी जड आणि महाग असते, पण मासा सोडून द्यायचा असेल तर तीच घ्यावी.

सोडायचा कशाला, असे घरातली वडीलधारी मंडळी विचारतील. चोणक लहानपणी नर असते आणि मोठे झाल्यावर मादी होते. म्हणजे फोटोसाठी सर्वांना हवे असलेले मोठे चोणक बहुधा अंडी घालणारी मादीच. ताटापुरते मध्यम मासे ठेवून तिला परत सोडले, तर पुढच्या पिढीलाही या काठावर चोणक मिळेल.

जाळी आधी पाण्यात बुडवून स्थिर धरावी आणि दमलेला मासा डोक्याकडून तिच्यावर आणावा. मागून झडप घालू नये. वर घेताना दांडा आडवा उचलला तर वाकतो. तो उभा धरून हातावर हात घेत ओढावा. चोणकाच्या कल्ल्याची कड धारदार असते, तेव्हा बोटे सांभाळा. सोडायच्या माशाला हात ओले करूनच धरा, आणि फोटो एकच काढा.