वाट पुसताना

वसई ते चर्चगेट अशी सोळा वर्षे ये-जा केलेल्या माणसांना रेल्वेचे भय ते काय असणार, अशी आमची समजूत होती. २०१४ च्या सप्टेंबरात नोकरीच्या निमित्ताने आम्ही उभयता आमच्या आठ वर्षांच्या मुलासह लंडनला आलो, तेव्हा सामानाबरोबर ही समजूतही घेऊन आलो. विरार लोकलच्या गर्दीत एका पायावर उभे राहून ज्यांनी उमेदीची वर्षे काढली, त्यांना दोन-चार मिनिटांना येणारी आणि चक्क बसायला जागा देणारी भुयारी गाडी म्हणजे काय मोठेसे!

बिऱ्हाड हाउन्स्लो या उपनगरात थाटले. हीथ्रो विमानतळ तेथून जवळ असल्याने दिवसभर डोक्यावरून विमाने जात. पहिला अपमान बसमध्ये झाला. हातात पाच पौंडांची नोट धरून आम्ही चढलो, तर चालकाने नुसती मान हलवली. लंडनच्या बसमध्ये रोख पैसे घेणे त्याच वर्षीच्या जुलैपासून बंद झाले होते. पैसे घेऊन तिकीट फाडणारा कंडक्टर तेथे नव्हताच. पुढे ऑयस्टर नावाचे निळे कार्ड मिळवले. बसमध्ये ते चढताना एकदाच टेकवायचे, भुयारी गाडीला मात्र आत जाताना आणि बाहेर पडतानाही. बाहेर पडताना विसरले, तर सर्वांत जास्त भाडे कापले जाते. हे ज्ञान आम्हांस फुकट मिळाले नाही.

मग हाती नकाशा आला. या नकाशाविषयी थोडे सांगितले पाहिजे. हॅरी बेक नावाच्या एका आरेखकाने तो १९३१ मध्ये काढला आणि १९३३ मध्ये तो प्रवाशांच्या हाती पडला. विजेच्या जोडणीची आकृती असते तशा सरळ व तिरप्या रंगीत रेघा, आणि स्थानके साधारण सारख्या अंतरावर. कोठे चढावे, कोठे बदलावे हे तो चोख सांगतो, पण अंतराविषयी मौन पाळतो. एका रविवारी लेस्टर स्क्वेअरहून कॉव्हेंट गार्डनला जाण्यासाठी आम्ही मोठ्या ऐटीत भुयारात उतरलो. गाडी निघाली तोच थांबली. लिफ्टपाशी रांग पाहून जिन्याची वाट धरली, तर त्याला एकशे त्र्याण्णव पायऱ्या! धापा टाकीत वर आलो, तेव्हा उमगले की दोन स्थानकांतील अंतर तीनशे मीटरसुद्धा नाही. गावी तळ्यापासून चर्चपर्यंत जातो तसे बोलत बोलत पोहोचलो असतो.

आमच्याकडे पत्ता म्हणजे बोलणे असते. अमक्याच्या वाडीच्या मागे, चिंचेपाशी वळा, पुढे विहिरीवर कोणालाही विचारा. ‘कोणालाही विचारा’ हा आमच्या पत्त्याचा शेवटचा आणि सर्वांत भरवशाचा भाग. लंडनमध्ये पत्ता म्हणजे एक आकडा आणि पोस्टकोड. रस्त्याच्या एका बाजूला विषम आकडे, दुसऱ्या बाजूला सम, आणि एकेका पोस्टकोडात सरासरी पंधराएक घरे. चुकणे कठीण, हे मान्य. परंतु कोणास काही विचारण्याची गरजच उरत नाही, आणि पहिल्या दोन महिन्यांत आम्हांला नावाने ओळखणारे त्या रस्त्यावर एकही माणूस नव्हते. मुलाच्या शाळेचा अर्ज भरताना हे प्रथम जाणवले. त्यात एक ओळ होती : आई-वडिलांशी संपर्क न झाल्यास कोणास कळवावे? ती आम्ही कोरी सोडली.

ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी आम्ही मिस्सेला गेलो, तर चर्च रिकामे. एक वयस्क बाई तेवढ्या फुलदाणीतील पाणी बदलत होत्या. आमचे चेहरे पाहून त्यांनी विचारले, “तुमी खंयचीं?” त्या सालसेतच्या निघाल्या. रात्री दोन वाजता साऱ्या देशाची घड्याळे एक तास मागे घेतली जातात, हे त्यांनी हसत सांगितले. तो मोकळा तास आम्ही त्यांच्याशी, त्यांच्या कोंकणीत आणि आमच्या मराठीत, बोलत काढला. त्यांचा नातू आमच्या मुलाच्याच शाळेत होता. आम्ही त्यांना आन्टी म्हणू लागलो.

डिसेंबरात एका सरकारी कामासाठी आम्हा दोघांनाही शहरात जावे लागले. शाळा सव्वातीनला सुटते. ग्रीन पार्कला अडीचच्या सुमारास पिकॅडिली मार्गाची गाडी पकडली व निर्धास्त बसलो. अ‍ॅक्टन टाउनला हा मार्ग फुटतो. एक फाटा आमच्याकडे, हीथ्रोला जातो, दुसरा उत्तरेस वळतो. हे आम्हांस ठाऊक होते. पण गाडीच्या कपाळावरचे नाव वाचले नव्हते. बोरिवली लोकलमध्ये विरारचे म्हणून बसणाऱ्यांना आम्ही किती हसलो होतो! आमच्या फाट्यावर पुढचे स्थानक साउथ ईलिंग. आले ते ईलिंग कॉमन. ‘ईलिंग’ एवढा शब्द कानी पडला आणि आम्ही निवांत राहिलो. मग नॉर्थ ईलिंग आले, पार्क रॉयल आले, आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले.

आल्पर्टनला उतरलो. फलाटावरून शाळेला फोन लावला. पलीकडच्या बाईंचा आवाज सौम्य होता. “त्याला न्यायला दुसरे कोणी येऊ शकेल का?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमच्या आळीत पोर घरी आले नाही, तर पहिल्यांदा तीन घरे धावतात आणि मग आई-बापांना कळते. येथे साडेसात लाखांच्या नव्हे, कित्येक लाखांच्या शहरात आमच्यासाठी दार उघडेल असे एक घर आम्हांला सांगता येईना. उलट दिशेची गाडी, पुन्हा अ‍ॅक्टन टाउन, पुन्हा वाट पाहणे. चूक कोणाची, यावर आम्ही त्या वेळी बोललो नाही. ते घरी आल्यावर बोललो.

शाळेत पोहोचलो तेव्हा चार वाजत आले होते आणि अंधारू लागले होते. कचेरीतील बाकावर आमचा मुलगा बसला होता. त्याच्या शेजारी आन्टी, आणि त्यांच्या मांडीवर डोके टेकून कंटाळलेला त्यांचा नातू. मूल त्यांच्या हवाली करणे शाळेच्या नियमात बसत नव्हते. “मग मीच बसते,” असे सांगून त्या तेथेच थांबल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीतून तो अर्ज परत मागून घेतला. तुमचे नाव लिहू का, असे आन्टींना विचारले. “लिहा, पण स्पेलिंग नीट लिहा, इथे सगळे चुकवतात,” त्या म्हणाल्या. नात्याच्या रकान्यापाशी आम्ही थोडे अडखळलो आणि मग ‘शेजारी’ असे लिहिले. वस्तुतः त्यांचे घर आमच्यापासून दोन बस-थांबे दूर होते.